वर्ष वाया गेले कोणाचे?

परदेशातील विद्यापीठाची अध्ययनवृत्ती मिळून वर्षभरासाठी सहकुटुंब निघालेल्या प्राध्यापकाला आप्तेष्ट दोन प्रश्न हमखास विचारतात. तिकडे थंडी फार असते का, हा पहिला; आणि मुलांच्या शाळेचे काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन स्वेटर देऊ शकतात. दुसऱ्या प्रश्नाला मात्र उत्तर अपेक्षितच नसते. विचारणाऱ्याने ते मनाशी आधीच ठरवलेले असते. ‘मुलांचे एक वर्ष वाया जाणार,’ असे म्हणून तो सहानुभूतीने मान हलवतो. सप्टेंबर 2022 मध्ये मी पत्नी आणि दोन मुलांसह इंग्लंडला निघालो, तेव्हा नांदेडच्या रेल्वे स्थानकावर निरोप द्यायला आलेल्या मंडळींनीही हेच केले. मुलगी तेव्हा पाचवीत होती, मुलगा दुसरीत.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला ‘वाया जाणे’ हे शब्द सहजासहजी मान्य होत नाहीत. एखादी गोष्ट वाया गेली असे म्हणताना तिच्या मोबदल्यात काय मिळाले, आणि ती तिथे खर्च झाली नसती तर दुसरीकडे काय मिळाले असते, याचा हिशेब मांडावा लागतो. मुलांच्या शिक्षणाच्या बाबतीत असा हिशेब आपण क्वचितच मांडतो. इयत्तेची पायरी चुकली की वर्ष बुडाले, एवढाच आपला जमाखर्च. हा जमाखर्च किती चुकीचा आहे, आणि त्याची खरी किंमत कोण मोजते, हे या लेखात पाहावयाचे आहे.

जुने प्रवासी

मुलांना घेऊन परदेशी राहण्याचा अनुभव मराठी समाजाला नवा नाही. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या उतरल्या आणि पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकू व शिकवू लागल्या. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि त्या देशात त्यांचा मुक्काम लांबत गेला. मनोरमेला त्या काळात आईपासून दूर राहावे लागले. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. परंतु आपल्या मुलीला काय शिकवावे आणि काय शिकवू नये, याविषयी मठातील भगिनींशी त्यांचा पत्रांतून दीर्घ वाद चालला. आहारात त्या स्वतः शाकाहारीच राहिल्या. मुलीने परक्या देशात वाढावे, पण परकी होऊ नये, हा त्या पत्रव्यवहाराचा एक सूर आहे. आज परदेशी गेलेल्या प्रत्येक मराठी आईच्या मनात तोच सूर असतो.

दुसरे उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे. बौद्ध विद्येच्या शोधात गोव्यातून 1899 मध्ये ते घराबाहेर पडले, तेव्हा तान्ही मुलगी मागे राहिली होती. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश अशी ती मुशाफिरी एकट्याची होती. 1918 मध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी ते पुन्हा हार्वर्डला निघाले, तेव्हा मात्र मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा मुलगा दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले. दामोदर प्रथम केंब्रिजमधील प्राथमिक शाळेत बसला, मग तेथील हायस्कुलात गेला, बालवीर पथकात सामील झाला. मधल्या काळात तो भारतात परतला, 1926 मध्ये पुन्हा तिकडे गेला आणि 1929 मध्ये हार्वर्डचा पदवीधर झाला. आजच्या एखाद्या मुख्याध्यापकांनी या मुलाचे प्रगतिपुस्तक पाहिले असते, तर त्यात खंडच खंड दिसले असते. हाच मुलगा पुढे गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी म्हणून जगाला माहीत झाला. पुण्याच्या आसपासची खेडी, लेणी आणि म्हसोबा-म्हातोबाची ठाणी पायी हिंडून त्यांनी भारतीय इतिहास वाचण्याची नवी रीत घालून दिली.

एका प्रतिभावंताच्या उदाहरणाने काहीच सिद्ध होत नाही, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेत शिकलेला प्रत्येक मुलगा कोसंबी होत नाही. पण शाळा बदलली, देश बदलला, मधली वर्षे तुटली म्हणजे शिक्षण बुडालेच, हा समज त्यातून नक्कीच खोटा ठरतो.

इंग्रजी शाळेतील मराठी

आमचा मुक्काम उत्तर इंग्लंडमधील एका औद्योगिक शहरात होता. तेथे स्थानिक परिषदेकडे अर्ज केला. मुलांची जन्मतारीख आणि राहत्या घराचा पत्ता एवढेच त्यांनी प्रामुख्याने विचारले. मागील वर्षीचे गुण किती, इंग्रजी येते का, शाळा सोडल्याचा दाखला कुठे आहे, यांपैकी कोणतीही चौकशी झाली नाही. वयानुसार वर्ग ठरला आणि मुले शाळेत बसू लागली. सरकारी शाळेला शुल्क नव्हते.

पहिले दोन महिने मुलगी वर्गात एक शब्दही बोलली नाही. आम्ही घाबरून वर्गशिक्षिकेला भेटलो. तिने शांतपणे सांगितले की, नव्या भाषेत आलेली पुष्कळ मुले आधी नुसती ऐकतात. घाई करू नका. आणि मग तिने जे सांगितले, त्याने मी अंतर्मुख झालो. ती म्हणाली, ‘घरी तुमच्या भाषेतच बोला. ती पक्की असली की आमची भाषा तिला लवकर येईल.’ नांदेडमधील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पालकसभेला मी बसलो होतो, तेव्हा पालकांना ‘घरी शक्यतो इंग्रजीच बोला’ असा उपदेश करण्यात आला होता. इंग्रजांच्या देशातील शिक्षिका मराठी सांभाळा म्हणते आणि गोदावरीच्या काठावरची शाळा मराठी सोडा म्हणते, या विसंगतीवर काय बोलावे?

तिसऱ्या महिन्यात मुलगी बोलू लागली. तिची पहिली मैत्रीण पोलंडहून आलेली होती. म्हणजे दोघींनाही इंग्रजी अपुरेच होते, आणि त्या अपुऱ्या इंग्रजीत त्यांचे पुरेसे जमले. पाढ्यांत आमची मुले पुढे होती. तेथील शाळेत बारापर्यंतचे पाढे पुरतात. आमच्या घरी तिसापर्यंत म्हणण्याची रीत होती. उलट स्वतः निवडून पुस्तक वाचावे, वाचलेल्यावर चार ओळी आपल्या मनाने लिहाव्यात, शिक्षकांना निःशंकपणे प्रश्न विचारावा, या बाबतींत ती मागे होती. सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड मुलांना विनामूल्य मिळाले आणि शनिवारची सकाळ तिथे जाऊ लागली.

रोज संध्याकाळी एक तास मात्र आम्ही राखून ठेवला होता. ‘बालभारती’ची पाठ्यपुस्तके आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात; त्यांतून मराठीचा एक धडा आणि गणिताची पाच उदाहरणे, एवढाच अभ्यासक्रम. 1967 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील मुलांसाठी पुस्तके काढली. ती इंग्लंडमधल्या एका भाड्याच्या स्वयंपाकघरातही उपयोगी पडली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आश्रयाने शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालविल्या आहेत, तेथेही प्रश्न हाच असतो: बोलता येणारी भाषा वाचता-लिहिता कशी ठेवायची? वर्षभरासाठी गेलेल्या कुटुंबाला तो तितका तीव्र वाटत नाही. पण धाकट्या मुलांच्या बाबतीत वर्षही पुष्कळ असते.

याची प्रचीती परतल्यावर आली. ऑगस्ट 2023 मध्ये आम्ही नांदेडला आलो. भाजीवाल्या मावशींनी ‘एकोणसत्तर झाले’ म्हटले आणि मुलगा माझ्या तोंडाकडे पाहू लागला. वर्षभर संख्या इंग्रजीत मोजल्यामुळे एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर यांचा त्याच्या मनात गोंधळ झाला होता. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची जोड पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले होते आणि त्या वादात मीही जुन्या नावांच्या बाजूने हिरिरीने बोललो होतो. घरातील मुलाला ‘साठ आणि नऊ’ म्हणून समजावू लागलो, तेव्हा त्या पुस्तककारांची अडचण मला प्रथमच कळली. पंधरा दिवसांत मुलाला एकोणसत्तर पुन्हा आले. वाया गेले म्हणतात ते एवढेच.

दाखल्याची भिंत

खरी अडचण पुढेच होती. शहरातील एका शाळेत मुलीला सहावीत घालावयास गेलो, तेव्हा कार्यालयात सांगण्यात आले की, पाचवीचे निकालपत्र नसल्याने तिला पाचवीतच बसवावे लागेल. इंग्लंडमधील शाळेचा अहवाल पाहून लिपिक म्हणाले, ‘यात टक्के कुठे आहेत?’ त्यांचा दोष नव्हता. त्यांच्यापुढच्या रकान्यात टक्के लिहावयाचे होते आणि अहवालात टक्के नव्हते.

2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेत न गेलेल्या किंवा शिक्षण अपुरे राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला अनुरूप अशा वर्गात प्रवेश द्यावयाचा असतो आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क असतो. पाचवे कलम मुलाला शाळा बदलण्याचा अधिकार देते आणि दाखल्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येणार नाही, असेही बजावते. मी ही कलमे लिहून अर्ज केला. चार दिवसांनी मुलगी सहावीत बसली. मी महाविद्यालयात शिकवतो, मला अर्ज लिहिता येतो, कायद्याची प्रत मिळवता येते, चार वेळा खेटे घालण्याइतकी रजा मिळते. म्हणून हे घडले. ज्याला यांपैकी काहीही शक्य नाही, त्याच्या मुलाचे काय होते, हा प्रश्न त्या चौथ्या दिवशी शाळेच्या पायऱ्या उतरताना माझ्या मनात आला, आणि तो अद्याप गेलेला नाही.

दुसरा परदेश

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुखेड, कंधार, लोहा या तालुक्यांच्या रस्त्यांवर, किंवा लातूर जिल्ह्यात अहमदपूर-जळकोटकडे, ट्रक आणि ट्रॅक्टर भरताना दिसतात. भांडी, अंथरुणे, ज्वारी-बाजरीची पोती, एखादी शेळी, आणि त्या सगळ्यांच्या वर बसलेली मुले. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा ‘कोयता’ ऊसतोडीला निघालेला असतो. कोणी पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांवर जातात, कोणी सीमा ओलांडून कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे. देगलूर-बिलोलीकडची माणसे बांधकामाच्या मजुरीसाठी हैदराबादेची वाट धरतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, पाचटाच्या कोपीत संसार चालतो.

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि एप्रिलमध्ये संपते. म्हणजे या मुलांना पहिले सत्र मिळते आणि दुसरे बुडते. माझी मुले बारा महिने परमुलखात होती, ही सहा महिने असतात. माझ्या मुलांना तेथील भाषा अर्धीमुर्धी येत होती. बागलकोटच्या फडावर गेलेल्या मुखेडच्या मुलाला शेजारच्या शाळेतील कानडी पाटी वाचताही येत नाही. ‘परदेश’ या शब्दाचा जुना अर्थ आपला मुलूख सोडून दुसरा मुलूख असाच होता. उत्तरेकडून आलेल्या माणसाला आपण ‘परदेशी’ म्हणत आलो ते त्याच अर्थाने. त्या अर्थाने पाहिले तर मराठवाड्यातून दरवर्षी परदेशी जाणाऱ्या मुलांत प्राध्यापकांची मुले अगदीच थोडी आहेत. बहुसंख्य मुले ट्रॅक्टरवर बसून जातात. त्यांच्यासाठी अध्ययनवृत्ती नसते, ग्रंथालयाचे कार्ड नसते. संध्याकाळचा एक तासही नसतो, कारण पहाटे अंधारात फडावर गेलेले आईबाप परततात तेव्हा थकून गेलेले असतात. दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते, मोळीला हात लावते.

या प्रश्नाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारखान्यांच्या आवारात ‘साखरशाळा’ निघाल्या. काही स्वयंसेवी संस्थांनी त्या निष्ठेने चालविल्या. मुलांनी गावातच राहावे म्हणून ‘हंगामी वसतिगृहां’ची योजना आली, आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलाच्या जेवणाची सोय शाळेमार्फत व्हावी, ही तिची कल्पना चांगली आहे. स्थलांतरित मुलाच्या हाती शिक्षण हमीचे पत्रक द्यावे, म्हणजे जिथे जाईल तिथली शाळा त्याला बसवून घेईल, असाही उपाय पुढे आला. कल्पना चांगल्या असतात; अडते ते तारखांवर. टोळी दिवाळीत निघते आणि वसतिगृहाची मंजुरी नाताळात येते, असे घडले की मूल गावात थांबत नाही. पत्रक दाखविले तरी नव्या गावच्या शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसतो. आणि एप्रिलमध्ये मूल परतते तेव्हा हजेरीपटावर त्याच्या नावापुढे सलग गैरहजेरीच्या खुणा असतात.

मोजमाप कशाचे?

मराठवाड्याला या विषयाची विशेष जाण असावयास हवी. 1948 पूर्वी निजामी राज्यात उच्च शिक्षण उर्दूतून होते. उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले ते 1918 साली, म्हणजे दामोदर कोसंबी अमेरिकेच्या शाळेत बसावयास निघाला त्याच वर्षी. तो परक्या देशात परकी भाषा शिकत होता. आमचे आजोबा-पणजोबा आपल्याच गावात राहून परक्या माध्यमातून शिकले. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय येथे मातृभाषेतून शिक्षणाची ज्योत तेवत ठेवली गेली आणि स्वामी रामानंद तीर्थ त्या दोन्ही ठिकाणी शिक्षक होते. नांदेडात तर आजही एकाच गल्लीत मराठी, उर्दू, पंजाबी आणि तेलुगू कानांवर पडतात. मुले अनेक भाषांत वाढतात, त्यांनी त्यांचे बिघडत नाही, हे या शहराला कोणी शिकवावयाची गरज नाही. मूल बिघडते ते भाषा बदलल्याने नव्हे. ‘तू मागे पडलास’ असे त्याला सांगून मागच्या बाकावर बसविले जाते, तेव्हा ते बिघडते.

माझ्या मुलांच्या एका वर्षाकडे समाज कौतुकाने पाहतो. ‘मुलांना केवढे जग पाहायला मिळाले’ असे आता तेच आप्त म्हणतात. ऊसतोडीहून परतलेल्या मुलानेही जग पाहिलेले असते. टनाचा भाव, गाडीची खेप, मुकादमाच्या वहीतील नोंद, उचलीतून कापलेली रक्कम, हे सारे अंकगणित त्याने डोळ्यांदेखत पाहिलेले असते. त्याला चार कानडी शब्द आलेले असतात. एखाद्या शिक्षकाने त्याला वर्गासमोर उभे करून ‘तिकडे काय पाहिलेस, सांग’ असे विचारले, तर वर्गाला भूगोल आणि अर्थशास्त्राचा एक धडा फुकट मिळेल. माझ्या मुलीला तिच्या वर्गात इंग्लंडविषयी बोलावयास सांगितले गेले. फडावरून आलेल्या किती मुलांना हा मान मिळाला आहे?

म्हणून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. परदेशी जाणाऱ्या पालकांनी वर्ष बुडण्याची भीती सोडावी. घरची भाषा आणि गणित यांसाठी रोज तासभर राखावा आणि उरलेला वेळ मुलांना त्या देशाच्या हवाली करावा. शाळांनी परतलेल्या मुलाला, मग तो विमानातून उतरलेला असो की ट्रॅक्टरवरून, कायद्याने सांगितल्याप्रमाणे वयाच्या वर्गात बसवावे आणि उणीव असेल ती वर्गात ठेवूनच भरून काढावी. हंगामी वसतिगृहांची मंजुरी दसऱ्याआधी हाती पडावी, कारण टोळ्या कोणत्या महिन्यात निघतात हे सरकारला ठाऊक नाही असे नाही. आणि महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगण या राज्यांनी गाळपाच्या हंगामापुरती शिक्षकांची व पुस्तकांची देवघेव करावी. उसाची आणि मजुरांची देवघेव सीमेपलीकडे बिनबोभाट चालते, तर धड्यांचीच का अडावी?

माझ्या मुलीचे वर्ष वाया गेले नाही, कारण दोन्ही देशांत तिच्यासाठी बोलणारे कोणीतरी होते. येत्या एप्रिलमध्ये मुखेडला जो ट्रॅक्टर परतेल, त्यावरील मुलासाठी बोलणारे कोणी शाळेच्या दारात उभे असेल का? असले, तर त्याचेही वर्ष वाया जाणार नाही. नसले, तर त्या वर्षाचा हिशेब त्या मुलाने नव्हे, आपण द्यावयाचा आहे.